सद्दामच्या अटकेची अधिकृत हकिगत: शंका कशा तपासायच्या

इराकचा सत्तेवरून हटवलेला हुकूमशहा सद्दाम हुसेन पकडलाच गेला नाही, पकडला तो तोतया, असं म्हणणारे वेगळे. पकडला गेला खरा, पण अमेरिकेने सांगितलं तसा नाही, असं म्हणणारे वेगळे. वाद घालताना या दोघांना एकाच माळेत ओवलं जातं आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. पहिल्या शंकेला आज काही आधार उरलेला नाही. दुसऱ्या शंकेत मात्र थोडा दम आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे शोधायची रीत पुढे दिली आहे. कागद किंवा स्प्रेडशीट, जुनी पानं साठवणारं वेबॅक मशीन आणि दोन-तीन संध्याकाळी एवढ्यावर काम भागतं.

आधी अधिकृत हकिगत स्वच्छ लिहून काढा

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि कुणीतरी सांगितलेल्या अधिकृत हकिगतीशीच भांडत बसतात. मूळ हकिगत १४ डिसेंबर २००३ च्या बगदादमधल्या पत्रकार परिषदेची आहे. अमेरिकेने नेमलेले इराकचे प्रशासक पॉल ब्रेमर यांनी घोषणा केली आणि तपशील इराकमधल्या फौजांचे प्रमुख जनरल रिकार्डो सांचेझ यांनी दिले. त्यानंतर चौथ्या इन्फन्ट्री डिव्हिजनचे प्रमुख रेमंड ओडिएर्नो आणि पहिल्या ब्रिगेडचे कर्नल जेम्स हिकी यांनी त्यात भर घातली. थोडक्यात ती अशी:

शनिवारी १३ डिसेंबरला सकाळी पावणेअकराच्या सुमारास पक्की खबर मिळाली. संध्याकाळपर्यंत सुमारे ६०० सैनिक जमले, सोबत टास्क फोर्स १२१ ही विशेष तुकडी. मोहिमेचं नाव 'रेड डॉन'. तिक्रितच्या दक्षिणेला साधारण १५ किलोमीटरवर, टायग्रिसच्या पूर्व काठावरच्या अद-दौर गावाजवळची दोन ठिकाणं हेरली होती. त्यांना 'वुल्व्हरिन १' आणि 'वुल्व्हरिन २' अशी नावं दिली होती. दोन्हीकडे तो सापडला नाही. मग आजूबाजूचा परिसर घेरला, आणि रात्री साडेआठच्या आसपास एका शेतातल्या झोपडीजवळ जमिनीखालचा खड्डा सापडला. खड्डा ६ ते ८ फूट खोल, एक माणूस आडवा होऊ शकेल एवढाच. आत हवेसाठी नळी आणि पंखा. तोंडावर थर्माकोलचा ठोकळा, वर विटा आणि माती. सद्दामजवळ पिस्तूल होतं. जागेवर दोन एके-४७, १०० डॉलरच्या नोटांमध्ये साडेसात लाख डॉलर आणि एक नारिंगी-पांढरी टॅक्सी मिळाली. आणखी दोन माणसं पकडली. एकही गोळी सुटली नाही.

आता याचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याला वेगळी ओळ: माणूस कोण, दिवस आणि वेळ, जागा, पकडलं कोणी, खबर कुठून आली, सापडला तेव्हा कोणत्या अवस्थेत होता, आणि घोषणेआधी मधल्या तासांत काय झालं. प्रत्येक ओळीसमोर पाच रकाने आखा: दावा पहिल्यांदा कोणी केला, कोणत्या तारखेला, त्याने स्वतः पाहिलं होतं का, हे खरं असेल तर आणखी काय सापडायला हवं, आणि ते सापडलं का. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच रिकामा सोडतात.

एक सावधगिरी. एक तुकडा खोटा निघाला म्हणून सगळी हकिगत खोटी ठरत नाही, आणि एक खरा निघाला म्हणून बाकीचे आपोआप खरे होत नाहीत. लष्कराची माहिती पुरवणारी मंडळी घडलेल्या गोष्टीला रंग चढवतात. न घडलेली गोष्ट उभी करणं हा त्यापेक्षा फार महागडा उद्योग आहे.

शंका घेणं रास्त का, हेही नोंदवा

त्याच वर्षी एप्रिलमध्ये जेसिका लिंच या सैनिक मुलीची हकिगत जगभर गाजली. इराकमधल्या नासिरियात ती शेवटच्या गोळीपर्यंत लढली, असं छापून आलं. २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे तिने स्वतःच सांगितलं की हे खरं नाही. २००४ मध्ये पॅट टिलमन हा अमेरिकी सैनिक अफगाणिस्तानात आपल्याच लोकांच्या गोळ्यांनी मेला, आणि आधी मात्र शत्रूशी लढताना मेल्याचं सांगितलं गेलं. म्हणजे याच सैन्याने याच काळात हकिगती फुलवून सांगितल्याची नोंद आहे. पण ही नोंद पुरावा म्हणून नाही, सावधगिरीचं कारण म्हणून वापरायची. लिंच प्रकरणातही मुलगी खरीच होती, जिथून तिला सोडवलं ते इस्पितळ खरं होतं आणि सुटकाही खरी होती. फुगवला होता तो मधला प्रसंग.

सगळी घड्याळं एक करा

'घोषणेआधीच बातमी फुटली होती, म्हणजे आधीच पकडला होता' ही शंका बऱ्याचदा वेळेच्या गोंधळातून येते. डिसेंबरात बगदाद ग्रिनिचपेक्षा ३ तास पुढे, तेहरान साडेतीन तास पुढे, वॉशिंग्टन ५ तास मागे. आपण बगदादच्या अडीच तास पुढे. अटकेची वेळ बगदादला रात्री सुमारे साडेआठ, म्हणजे वॉशिंग्टनला शनिवारी दुपारचे साडेबारा आणि मुंबईला रात्रीचे अकरा. ब्रेमर बोलले तेव्हा बगदादला रविवार दुपार, वॉशिंग्टनला भल्या सकाळची वेळ आणि आपल्याकडे संध्याकाळ. जी बातमी नोंदवाल तिची वेळ आधी बगदादच्या घड्याळात बदला. बातमीवरची तारीख छापील अंकाची आहे की लिहिल्याची, तेही पाहा. इंग्लंडातलं रविवारचं वर्तमानपत्र शनिवारी रात्रीच छापून तयार असतं.

हे केलं की एक खरी फट दिसते. अटक आणि घोषणा यांच्यामध्ये अठरा तासांच्या आसपास अंतर आहे. त्या अंतरात, रविवारी, इराणच्या इर्ना या वृत्तसंस्थेने कुर्द नेते जलाल तालाबानी यांच्या हवाल्याने अटकेची बातमी दिली. अमेरिकेने तोंड उघडण्याआधी कुर्दांना हे ठाऊक होतं, हे पक्कं आहे. कसं ठाऊक होतं, हा पुढचा प्रश्न.

दाव्याचं मूळ गाठा

शंकेच्या प्रत्येक दाव्याचा माग उलटा काढत जायचा. समोरच्या पानाने कुठून घेतलं, त्याने कुठून, असं करत जिथे पुढे वाट नाही तिथवर. वीस ठिकाणी दिसणारा दावा नव्वद टक्के वेळा एकाच मजकुराच्या वीस नकला असतो. नक्कल ओळखायची खूण म्हणजे चुकीचं स्पेलिंग. एखाद्या नावाचा तोच विचित्र उच्चार सगळीकडे असेल तर उगम एकच. शोधताना तारखेची मर्यादा १२ ते ३१ डिसेंबर २००३ अशी घाला. गावाचं नाव अरबी लिपीतही शोधा, कारण रोमन लिपीत अद-दौर चार-पाच तऱ्हांनी लिहिलं जातं.

अशा तऱ्हेने मागे गेलात की तीन मुख्य झरे सापडतात.

पहिला: सद्दामला कुर्दांनी पकडलं, गुंगीचं औषध दिलं आणि अमेरिकी सैनिकांना सापडेल असं ठेवून दिलं. हे २१ डिसेंबर २००३ ला लंडनच्या संडे एक्सप्रेसमध्ये नाव न दिलेल्या गुप्तचर सूत्राच्या हवाल्याने आलं आणि वृत्तसंस्थांनी पुढे पसरवलं. प्रत्यक्ष पाहणारा एकही माणूस त्यात नाही.

दुसरा: तो खड्ड्यात लपलेला नव्हता, कोंडलेला होता. हा इस्रायलमधल्या देब्का या संकेतस्थळाचा तर्क. आधार असा की दाढी-केस वाढलेले, संपर्काचं साधन नाही आणि खड्ड्याचं तोंड बाहेरून झाकलेलं.

तिसरा: मार्च २००५ मध्ये एका सौदी वर्तमानपत्रातून युपीआय वृत्तसंस्थेने उचललेली एका माजी मरीनची, म्हणजे अमेरिकी मरीन दलातल्या सैनिकाची, मुलाखत. अटक शुक्रवारी, म्हणजे एक दिवस आधी, गावातल्या साध्या घरात मोठ्या चकमकीनंतर झाली, त्यात एक मरीन मेला, आणि खड्ड्याचा देखावा मागाहून उभा केला, असं तो म्हणतो.

चौथा रकाना भरा: हे खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं

मरीनच्या दाव्यापासून सुरुवात करा, कारण त्यात तपासण्याजोगे तपशील आहेत. तो खरा असेल तर दोन गोष्टी असायलाच हव्यात: तिक्रित भागात मरीन तुकडी, आणि १२ डिसेंबरच्या आसपास मेलेला मरीन. अमेरिकी संरक्षण खातं प्रत्येक मृत सैनिकाचं नाव, तुकडी आणि दिनांक जाहीर करतं. घरच्या लोकांना, गावच्या वर्तमानपत्राला, दफनभूमीला ते कळतंच, त्यामुळे ही यादी लपवून चालत नाही. ती काढा आणि त्या आठवड्यावर बोट ठेवून वाचा. आता तुकडी पाहा. मरीन दल एप्रिल २००३ मध्ये तिक्रितमध्ये शिरलं होतं, पण लगेच तो भाग चौथ्या इन्फन्ट्रीच्या, म्हणजे भूदलाच्या, ताब्यात गेला. मरीनचं मोठं दल त्या शरद ऋतूत इराकमधून परतलं आणि मार्च २००४ मध्ये पुन्हा आलं, तेही पश्चिमेला अनबार प्रांताकडे. डिसेंबरात तिक्रितच्या शेतात मरीनची मोठी चकमक बसवायला जागाच उरत नाही.

कोंडल्याच्या दाव्याला मात्र एक चांगला प्रश्न आहे: वर माती पसरलेलं झाकण आतला माणूस स्वतः कसं लावणार? नाहीच लावू शकत. थर्माकोलचा ठोकळा हलका असतो, आतून ढकलून तो उघडता येईल, पण त्यावर विटा आणि माती पसरायला बाहेर दुसरा माणूस लागतो. आता अधिकृत हकिगतीतली ती बाजूला पडलेली ओळ आठवा: जागेवर आणखी दोन माणसं पकडली. शेत नमिक कुटुंबाचं होतं. त्यांच्यातल्या अला नमिक याने २०१२ मध्ये एका अमेरिकी वर्तमानपत्राला सांगितलं की आपण आणि भाऊ कैस यांनी सद्दामला आसरा दिला होता. खड्डाही त्यासाठीच खणला होता. तो रोज राहायचा झोपडीत. सैनिक जवळ आले की खड्ड्यात शिरायचा आणि वरून झाकणारं कुणीतरी असायचं. 'आठ महिने उंदरासारखा बिळात राहिला' हे चित्र मग कुठून आलं? ते प्रचाराच्या सोयीचं होतं म्हणून टिकलं. इथे शंकेखोरांचा प्रश्न बरोबर आणि उत्तर चूक, असा प्रकार आहे.

कुर्दांचा दावा याच रकान्यात टाकला की तो दोन भागांत फुटतो. गुंगीचं औषध देऊन ठेवला होता, याला काय सापडायला हवं? सांभाळणारा एखादा कुर्द शिपाई, बक्षिसाची मागणी, नंतरच्या वीस वर्षांत कुणाची तरी फुशारकी. सद्दामवर २ कोटी ५० लाख डॉलरचं बक्षीस होतं. उदय आणि कुसय या मुलांचा ठावठिकाणा देणाऱ्याला जुलै २००३ नंतर ३ कोटी डॉलर दिले गेले, आणि ते जगजाहीर आहे. सद्दामसाठी असं कुणी पुढे आलं नाही. दुसरा भाग, कुर्द गुप्तचर या शोधात सामील होते, हा मात्र अगदी शक्य कोटीतला आहे. तालाबानींच्या पक्षातले नेते कोसरत रसूल यांच्या माणसांचा सहभाग कुर्दांनी पहिल्या दिवसापासून सांगितला आणि तालाबानींना आधी कळलं होतं, हे त्याला पूरक आहे.

खबर कुठून आली: इथे अधिकृत हकिगत स्वतःच बदलली

पहिल्या दिवशी सूर असा होता की जवळच्या गोटातल्या माणसाकडून माहिती मिळाली. पुढे हळूहळू बाहेर आलं ते वेगळं. मोहम्मद इब्राहिम अल-मुसलित हा सद्दामचा विश्वासू बगदादमध्ये धाडीत पकडला गेला, त्याची चौकशी झाली आणि त्याने जागा दाखवली. चौकशी करणारा एरिक मॅडॉक्स याने पुढे हे सविस्तर सांगितलं. कित्येक महिने अंगरक्षक, आचारी, चालक, भाऊबंद यांची साखळी जुळवत तो तिथे पोचला होता. 'खबऱ्या' आणि 'कैदी' यांत मोठा फरक आहे. कैद्याला बक्षीस लागू होत नाही. शंकेखोरांनी पुढे येणाऱ्या खजुरांच्या छायाचित्रावर जेवढा वेळ घालवला त्याच्या निम्मा इथे घालवला असता, तर जास्त हाती लागलं असतं.

खजुरांचं छायाचित्र

सगळ्यात लोकप्रिय शंका हीच. खड्ड्याजवळच्या सैनिकांच्या छायाचित्रात मागे पिवळ्या खजुरांचे घड दिसतात. खजूर तर उन्हाळ्यात पिवळे होतात. म्हणजे अटक उन्हाळ्यातली. क्रमाने जाऊ.

आधी उजेड. तिक्रितला १३ डिसेंबरला सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. पौर्णिमा ८ तारखेला होऊन गेली होती, त्यामुळे साडेआठला चंद्रही वर आलेला नव्हता. म्हणजे सूर्यप्रकाशातलं कोणतंही छायाचित्र अटकेच्या क्षणाचं नाही. ती नंतरच्या दिवसांत पत्रकारांना जागा दाखवतानाची आहेत. छायाचित्राखालची ओळ नीट वाचली तर हे बहुधा लिहिलेलंच असतं. कापून पसरवलेल्या प्रतीत ती ओळ गायब असते, म्हणून आधी उलट-शोध करून, म्हणजे छायाचित्रच टाकून ते आणखी कुठे आहे ते शोधून, मूळ वृत्तसंस्थेची प्रत गाठायची.

मग फळ. खजूर पिकायच्या अवस्थांना इराकात नावं आहेत: खलाल म्हणजे कडक आणि पिवळा किंवा लाल, रुतब म्हणजे मऊ, आणि तमर म्हणजे वाळत आलेला. खलाल ही जुलै-ऑगस्टची अवस्था हे खरं. पण मध्य इराकात सगळ्यात जास्त लावली जाणारी जात जाहिदी आहे. ती उशिरा तयार होते आणि पूर्ण पिकल्यावरही सोनेरी-पिवळीच राहते. आपल्याकडे रमजानात हातगाडीवर मिळणारा स्वस्त, फिकट, जरा कोरडा इराकी खजूर बहुधा हाच. युद्धाच्या वर्षात न उतरवलेला घड झाडावरच वाळत राहणं यात नवल नाही. छोट्या, दाबलेल्या प्रतीत सोनेरी आणि पिवळा यांतला फरक दिसतही नाही. या छायाचित्रावरून महिना सांगता येत नाही, ना त्यांना, ना आपल्याला. रकान्यात तेवढंच लिहा.

माणूस तोच का

डीएनएपासून सुरुवात करू नका. त्याच दिवशी डीएनएने ओळख पटल्याचं सांगितलं गेलं, पण तो अहवाल आपल्यापुढे नाही आणि ताडून पाहायला वापरलेला नमुना कोणता, हेही आपल्याला तपासता येत नाही. गालाच्या आतल्या लाळेवरून अशी चाचणी एका दिवसात होऊ शकते, एवढंच म्हणता येतं. जो पुरावा हाताळता येत नाही त्यावर पूल बांधायचा नाही, मग तो आपल्या बाजूचा का असेना.

हाताळता येणारे पुरावे दुसरे आहेत. सीआयएचा विश्लेषक जॉन निक्सन याला ओळख पटवायला नेलं होतं. त्याने उजव्या हातावरचं टोळीचं गोंदण, १९५९ मध्ये तेव्हाचे इराकचे पंतप्रधान कासिम यांच्यावरच्या हल्ल्याच्या वेळी डाव्या पायाला लागलेल्या गोळीचा व्रण आणि एका बाजूला ओघळलेला खालचा ओठ या खुणा पाहिल्या. अटकेच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेने नेमलेल्या इराकी प्रशासकीय परिषदेचे अहमद चलाबी, अदनान पचाची, मुवफ्फक अल-रुबाई, आदिल अब्दुल महदी यांनी सद्दामला भेटून वाद घातला. पचाची तर जुन्या इराकचे परराष्ट्रमंत्री होते.

आणि सगळ्यांत वजनदार पुरावा न्यायालयातला. १ जुलै २००४ ला तो न्यायाधीशापुढे आला. १९ ऑक्टोबर २००५ पासून दुजैल गावातल्या हत्याकांडाचा खटला महिनोन् महिने दूरचित्रवाणीवर चालला. त्याच पिंजऱ्यात सावत्र भाऊ बरझान बसलेला होता. मुलगी रगद हिने जॉर्डनमधून वकील उभे केले. तोतया असता तर हे सगळं घराणं फाशीपर्यंत, ३० डिसेंबर २००६ पर्यंत, कशासाठी गप्प राहिलं असतं? रगदची पहिली प्रतिक्रिया इथे फार उपयोगी आहे. वडिलांना गुंगीचं औषध दिलं असावं, असं ती अटकेनंतर लगेच एका अरबी वाहिनीला म्हणाली. माणूस आपले वडील आहेत हे तिने मानलं आणि आक्षेप घेतला तो अवस्थेवर. वकील खलील अल-दुलैमी यांनीही पुढे खड्ड्याचीच गोष्ट नाकारली, माणसाची नाही.

कुणाला काय हवं होतं

प्रत्येक साक्षीदारासमोर त्याचा स्वार्थ लिहा, पण शेवटी. आधी लिहिलात तर सगळंच रद्द करण्याचा मोह होतो. अमेरिकेला दाढी वाढलेला, तोंड उघडून तपासून घेणारा सद्दाम दाखवायचा होता. वैद्यकीय तपासणीची ती चित्रफीत त्यासाठीच होती. कुर्द पक्षांना श्रेय हवं होतं. सद्दामच्या बाजूला तो लढता लढता किंवा बेशुद्ध पकडला गेला असं हवं होतं, म्हणजे पिस्तूल जवळ असून न चालवल्याची नाचक्की टळते. गंमत अशी की कुर्दांची, मरीनची आणि रगदची अशा तिन्ही पर्यायी हकिगती सद्दामची अब्रू वाचवतात.

आता स्वार्थाच्या उलट दिशेने जाणारी वाक्यं शोधा. एफबीआयचा जॉर्ज पिरो याने फेब्रुवारी ते जून २००४ मध्ये सद्दामच्या २० औपचारिक मुलाखती आणि किमान ५ अनौपचारिक गप्पा नोंदवल्या. ते कागद २००९ मध्ये खुले झाले आणि कुणालाही वाचता येतात. त्यात सद्दाम म्हणतो की ज्या शेतात आपण पकडलो गेलो, तिथेच १९५९ मध्ये पळून जाताना आपण थांबलो होतो. तोतये वापरल्याची गोष्ट तो उडवून लावतो. कागद अमेरिकी आहेत, हे खरं. म्हणून त्यांना एकट्याने पूर्ण गुण द्यायचे नाहीत. पण नमिकचं सांगणं, पिरोचे कागद आणि मॅडॉक्सची हकिगत या तीन वेगळ्या बाजू एकाच शेतावर येऊन थांबतात.

निकाल कसा लिहायचा

खरं-खोटं असे दोन शिक्के पुरत नाहीत. चार ठेवा: पक्कं, बहुधा, उघडं, बाद. या प्रकरणात भरलेला तक्ता असा दिसतो. माणूस: पक्कं. जागा: पक्कं. दिवस: पक्कं म्हणायला हरकत नाही. खबर कैद्याच्या चौकशीतून: बहुधा, आणि पहिल्या दिवसाचं सांगणं अर्धवट. खड्ड्यात सापडला: बहुधा. खड्ड्यात राहत होता: बाद. मरीनची चकमक: बाद. खजूर: काहीच सिद्ध होत नाही. कुर्दांनी कोंडून ठेवला: बाद. कुर्द गुप्तचरांचा शोधात वाटा: उघडं.

ही शेवटची ओळ मिटवायची असेल तर शोध पुढे कुठे न्यायचा तेही तक्त्यातच लिहून ठेवा: १२ आणि १३ डिसेंबरच्या टास्क फोर्स १२१ च्या नोंदी, आणि तालाबानींच्या पक्षाच्या गुप्तचर शाखेची त्या दोन दिवसांतली कागदपत्रं. तालाबानींना बातमी नेमकी कुणी आणि किती वाजता दिली, एवढ्या एका नोंदीवर ही ओळ 'बहुधा'कडे जाईल किंवा 'बाद'कडे.